बारा इंच की तेरा

माझ्या नवऱ्याने अख्खा हिवाळा शॉकअपच्या एका जोडीवर घालवला आणि मी तो नवऱ्यावर घालवला. जास्त वाया कोणाचा गेला, देव जाणे.

मूळ गोष्ट अगदी साधी होती. आमची मोटरसायकल लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टेकायला पाठ, आणि वजन दुभत्या गाईएवढं. लाइल पुढे, मी मागे, असे आम्ही दर उन्हाळ्यात भटकतो. पण तिचे मागचे शॉकअप कधीच संपले होते. खड्डा आला की पुढच्याला दिसतो, तो हँडल धरून जरा उठतो आणि सुटतो. मागे बसलेल्या बाईला तो थेट मणक्यात कळतो. गेल्या सप्टेंबरात मिनेसोटाहून परत आलो तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर पडून होते. डॉक्टरीणबाई माझ्या पाठीचे एक्स-रे बघून म्हणाल्या, "असे धक्के आणखी खाल्लेत तर पुढची गाठ सर्जनशी." मी घरी येऊन लाइलला सांगितलं, "मागचं काहीतरी कर. नाहीतर पुढच्या वर्षी तू पुढे जा, मी कारने मागून येते." त्याचा चेहरा पडला. लग्न झाल्यापासून आम्ही कधी दोन गाड्यांनी कुठे गेलो नव्हतो.

"करतो," तो म्हणाला, आणि माझे हाल सुरू झाले.

आमच्या विस्कॉन्सिनात थंडी पडली की मोटरसायकली गॅरेजात झोपतात आणि पुरुष त्यांच्या शेजारी हीटर लावून सुटे भाग निवडत बसतात. इतरांचं निवडून होतं. लाइलचं होईना. स्प्रिंगवाले बघितले, ते म्हणे जड. हवेचे बघितले, ते म्हणे थंडीत हवा सोडतात. एकाची घट्ट-सैल करायची मूठ चुकीच्या बाजूला होती. मी म्हटलं, "अरे, मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. माझ्या सीटखाली हवेचाच शॉकअप होता आणि आपल्याकडची थंडी त्यानेही बघितली होती." तो नुसता मान हलवायचा.

खरी अडचण शॉकअपच्या उंचीची होती, हे मला नाताळाच्या सुमारास कळलं. शुक्रवारी तळलेले मासे खायला आम्ही सगळे गावातल्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे बिअरच्या गुत्त्यात, जमतो. तिथे बुच व्रोबेल भेटला. हा आमच्या मोटरसायकलवाल्या मंडळातला. त्याने विकत घेतलेली वस्तू आजवर कधी वाईट निघालेली नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

"तेरा इंची घे," बुच म्हणाला. "दबायला जागा मिळते. मार्लिसला गादीवर बसल्यासारखं वाटेल. विषय संपला."

"मी बारा इंची बघतोय," लाइल बशीतल्या माशाला म्हणाला.

"बारा? अरे, ते मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतात. गाडी बुटकी दिसावी म्हणून पोरं लावतात ते."

"हो ना, छान दिसते," लाइल म्हणाला.

माझं टाळकं सटकलं. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि ह्याला गाडी जमिनीला घासत मिरवायची होती. मग आठवलं, शरद ऋतूत त्याने सीटचा फोमसुद्धा तासून ती बुटकी करून घेतली होती. तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी. घरी येताना मी त्याला सोडलं नाही. "आता दंडावर कवटीही गोंदवून घे," म्हटलं. "आणि बायको कशाला हवी मागे? एखादी तरणी बघ, तिच्या मणक्याला चालेल." तो हसला. त्यामुळे मी आणखीच चिडले.

जानेवारीत खोकं आलं. वर बारा लिहिलेलं बघून मी ते दारातूनच परत पाठवलं. फेब्रुवारीत माझ्या हट्टापायी तेराचं आलं. ते त्याने स्वतः परत पाठवलं, रंग आवडला नाही म्हणे. शॉकअपचा रंग! पेटीच्या आड असतो तो, दिसतो कोणाला?

एप्रिलमध्ये बुच स्वतःचेच तेरा इंची काढून घेऊन आला. "माझी गाडी अजून गॅरेजातून बाहेर काढायची आहे. हे लाव, रविवारी फिरून या आणि ठरवा एकदाचं. तुमच्या भांडणाने मासे गार होतात आमचे." आता लाइलला पळायला वाट उरली नाही. त्याने बसवले. गाडी चांगलीच उंच झाली.

रविवारी आम्ही कस्टर्डच्या, म्हणजे आमच्याकडच्या घट्ट आइस्क्रीमच्या, टपरीकडे निघालो, ती त्याच आठवड्यात उघडली होती. बर्फाने रस्त्यांची चाळण केलेली, पण मला एक धक्का जाणवेना. खड्डे खाली कुठेतरी जात होते, माझ्यापर्यंत पोचतच नव्हते. रेल्वेचं फाटक ओलांडलं तेव्हा तर मी लाइलच्या खांद्यावर थोपटलं. राग बराचसा गेला होता.

टपरीसमोर हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू अजून पडून होती. लाइलने गाडी थांबवली आणि डावा पाय टाकला. पायाचा चवडा तेवढा टेकला, गुडघा मुडपला, आणि गाडी सावकाश, अगदी सगळ्यांना नीट बघता येईल अशी, आडवी झाली. मी वेळेत उतरले. लागलं कोणालाच नाही. कोन चाटत उभ्या असलेल्या दोन बाप्यांनी येऊन ती उभी केली, आणि लाइल फूटपाथच्या कडेला जाऊन बसला.

"वाळू होती," तो म्हणाला.

"लाइल."

त्याने डावा गुडघा चोळला. मग म्हणाला, "डावा गुडघा धरत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. पाऊल पूर्ण टेकलं तर निभतं. चवड्यावर आलं की जातं."

"म्हणून बारा इंची?"

"गाडी खाली राहील आणि तुझी पाठही वाचेल असं काहीतरी शोधत होतो. नाहीये तसं काही. कोणी बनवतच नाही."

"मग हे मला नोव्हेंबरात सांगायला काय झालं होतं?"

"तू गाडी विकायला लावली असतीस."

"लावलीच असती."

"मग?"

मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटत होतं आणि बुकलावंसंही वाटत होतं. अख्खा हिवाळा मी एका मिरवणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडत होते, आणि तसा कोणी आमच्या घरात नव्हताच. ह्याने मला खुशाल भांडू दिलं होतं.

"चावी दे," मी म्हटलं.

माझ्याकडे परवाना आहे. पूर्वी माझी स्वतःची लहान मोटरसायकल होती, दोन-दोन विमे कशाला भरायचे म्हणून विकली. शिवाय मी लाइलपेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोसाठी त्याला पायरीवर उभं केलं होतं. मी बसले आणि दोन्ही पाय सपाट टेकले.

"बस मागे."

त्याने आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं. सगळेच बघत होते. मग तो चढला. पहिल्या वळणावर मी जरा डगमगले, नाही म्हणत नाही. पुढे जमलं. रेल्वेच्या फाटकावर त्याने माझं जाकीट घट्ट धरलं.

"मागे एवढं जाणवतं, ते ह्या नव्यांवर?" त्याने मागून विचारलं.

"हो."

"मग जुन्यांवर कसं लागायचं तुला?"

"वाईट."

घर येईपर्यंत त्याने जाकीट सोडलं नाही.

संध्याकाळी बुच आपले शॉकअप न्यायला आला. बातमी त्याच्या आधीच गावभर पोचली होती, पण त्याने ती काढली नाही. लाइल गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून स्वयंपाकघरात बसला होता.

"मग, बारा की तेरा?" बुचने विचारलं.

"तेरा. अगदी ह्याच जातीचे."

बुच खुर्ची ओढून बसला. जरा घुटमळत म्हणाला, "लाइल, पाय पोचतील का रे?"

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. लाइल काय सांगणार, ह्याची मलाच धास्ती होती.

"मार्लिसचे पोचतात," लाइल म्हणाला.