झालं का?

घड्याळजींचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे कुणी ताटकळत ठेवलं की त्यांचा पारा चढे. हल्ली त्यांना स्वतःची लघवीच ताटकळत ठेवत होती. आता चिडायचं कुणावर?

डॉक्टरांनी धारेची तपासणी सांगितली. भरपूर पाणी प्यायचं आणि कळ आली की मशीनला जोडलेल्या नरसाळ्यात मोकळं व्हायचं. धारेला जोर किती, ते मशीन आलेख काढून सांगतं. "आज नाही जमलं, तर नळी घालून बघू," असंही ते म्हणाले. नळीचं नाव काढताच घड्याळजींची आलेली कळ परत फिरली.

"काका, सोबत कोण आलंय?" मशीनवाल्या बाईंनी विचारलं.

"येताहेत मागून," त्यांनी ठोकून दिलं. मागून येणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा विमानाच्या अंतरावर, आणि बायको गेल्या वर्षी त्याहून लांब गेलेली.

दार बंद झालं. पोट तट्ट फुगलेलं, पण थेंब नाही. बाईंनी आधीच कोपऱ्यातला नळ सोडून ठेवला होता. पाण्याच्या आवाजानं सगळ्यांना होतं म्हणे. घड्याळजी 'सगळ्यां'त कधीच मोडले नव्हते. नळ वाहत राहिला, एवढंच.

घरी ते न्हाणीघरात गेले की बायको स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "झालं का? आत दुकान मांडलंय का?" संसारभर ते त्या हाकेवर करवादले. ती गेल्यावर घर मुकं झालं आणि धारही अडखळू लागली. पण हे काही डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण नव्हतं.

बाहेर पुढचा पेशंट पोट आवळून येरझाऱ्या घालत होता. शेवटी बाईंनी दार ठोठावलं. "अहो काका, झालं का? झोप लागली की काय आत?"

नरसाळं वाजू लागलं.

"हे बघा," बाहेर आल्यावर बाईंनी आलेख दाखवला, "इतका वेळ सपाट रेघ, नि मग हा एवढा डोंगर. आजची नळी टळली तुमची. पण अडलं कुठं होतं?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत ना."

म्हातारा मिस्कील आहे म्हणत बाई हसल्या आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी घड्याळजींनी न्हाणीघराचं दार सवयीनं अर्धवट लोटलं. स्वयंपाकघराकडे कान देऊन बराच वेळ उभे राहिले.

"होतंय गं," मग ते हळूच म्हणाले.