आधी माल, मग पाटी

आमोद महाडच्या कॉलेजात गणित शिकवायचा आणि घरी आल्यावर दुकान चालवायचा. दुकान हा शब्द त्याचा नव्हे, त्याच्या बायकोचा. अनुपमा बाजारपेठेतल्या वाण्याची मुलगी. तिच्या लेखी जगात दुकानं होती, गिऱ्हाइकं होती आणि उरलेल्या सगळ्या उचापती.

आमोदची उचापत अशी. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला आणि छापायला लागणारी छोटी सॉफ्टवेअर त्याने लिहिली होती, आणि त्यांची पॅकेजं करून इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेत ठेवली होती. लिनक्सवाले याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या जागेत प्रोग्रॅम चालत नसे, नुसत्या फायली ठेवता येत. पण तेवढं पुरत होतं. पॅकेजं ठेवायची आणि शेजारी त्यांची यादी. लांबचा कॉम्प्युटर येऊन यादी वाचतो आणि हवं ते उचलून नेतो. खोट एकच, कोण आलं आणि काय नेलं याचा पत्ता लागत नसे.

"अहो, एक तरी माणूस फिरकतो का तिकडे?" अनुपमा विचारायची.

आमोद हसून वेळ मारून न्यायचा, पण प्रश्न मनाला लागायचा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत त्याने ठरवलं, कीबोर्डचं सुधारलेलं पॅकेज तेवढं चढवायचं आणि महिनाअखेरीला सगळं बंद करायचं. ठरवल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, उलट दोन दिवस तोंडाची चव गेली.

रविवारी सकाळी तो बसला तेव्हा लोडशेडिंगची वेळ होत आली होती. एरवी त्याचा नियम पक्का, पॅकेजं आधी आणि यादी सगळ्यात शेवटी. त्या दिवशी घाई झाली. यादी एवढीशी, ती तरी जाऊ दे, म्हणून त्याने यादीच आधी चढवली. जागा कमी म्हणून जुनं पॅकेज पुसून टाकलं. नवं अर्ध्यावर गेलं आणि वीज गेली. नाहीतरी कोण येतंय, असं म्हणत तो जेवायला उठला.

दुपारी फोन वाजला. अनुपमाने उचलला.

"आमोद सर हायत का? मी चंदन, आंबेनळीच्या वरच्या वाडीतनं. दूध गोळा करतो. नंबर तुमच्या पॅकेजांच्या यादीत लिवलेला हाय."

आमोदने रिसीव्हर घेतला. चंदनचा कॉम्प्युटर बिघडला होता, आज सकाळी त्याने सगळं नव्याने टाकलं होतं. "बाकी समदं आलं, सर. तुमचं तेवढं नाय येत. यादीत नाव दावतंय, पन फाईलच नाय म्हनतो. नावं मराठीत टाइप होत नायत, दुधाच्या पावत्या इंग्लिशमदी निघतायत."

"आजचा दिवस इंग्लिशमध्ये काढा."

"पावती काढली ना. दूध घालनारी येसूबाई घेत नाय. दोन वर्सं मराठीत नाव वाचायची सवय लागली हाय तिला. म्हातारी दारात बसून हाय. म्हनते, माजं नाव येऊ दे."

आमोदने विचारलं, "तुम्हाला माझ्या पॅकेजाचं सांगितलं कोणी?"

"वरंधच्या शाळेतल्या अस्मिता बाईंनी. त्यांच्याकडं पन तुमचंच पॅकेज हाय."

फोन ठेवून आमोदने सगळं बायकोला सांगितलं, आपली चूकसुद्धा. तो फार सुखात होता आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

"माल नसताना पाटी लावलीत," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी असं कधी केलं नाही."

वीज आली तशी ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. आधी पॅकेज पूर्ण चढलं, मग यादी. आमोद चंदनला फोन लावायला उठला, पण रिसीव्हर अनुपमाने आधीच हातात घेतला होता.

"येसूबाई बसल्यात का अजून?" तिने विचारलं. "त्यांना सांगा, माल आलाय आमच्याकडे."