सूर्योदय न लाभलेली पंचमी

शास्त्रीबुवांच्या घरात वारांना मान नव्हता. प्रवास असो वा दवाखाना, सारे तिथीनेच बोलले जाई. चंद्र सूर्यापासून ठरावीक अंतर पुढे सरला की एक तिथी संपते, आणि उगवत्या सूर्याला जी तिथी सामोरी येते तिचे नाव त्या दिवसाला मिळते. ह्या नियमाला वाहून घेऊन बुवांनी जन्मभर पंचांग रचले. पूर्वेकडे, फार दूरच्या शहरात नांदणाऱ्या लेकीसाठी ते तिथल्या सूर्योदयाचे निराळे पंचांग करून धाडीत.

"माझ्या सवतीला आवरा आता," असे पत्नी त्या कागदांना उद्देशून म्हणे. पण गळ्यातल्या गाठीने तिचा आवाज पार बसला होता. ओठांशी कान नेला तरच शब्द उमगत. डॉक्टर आता स्वरयंत्रच काढणार होते. लेक गरोदर होती, आणि आईकडून चालत आलेली अंगाई तिला शिकवायची राहिली होती. पत्नीची तेवढी एकच इच्छा उरली होती.

"मला शिकव. मी पोचवीन."

"तुम्ही गायलात तर बाळ पाळण्यातून उडी टाकेल," ती कुजबुजली. दोघेही हसले.

बुवांनी फोन केला. "चिमणे, पंचमीला दुपारी ऑपरेशन आहे. सकाळीच ये."

"पंचमीला सकाळी पोचते, बाबा."

ऑपरेशनच्या दिवशी, गुरुवारी, दवाखान्याच्या दारात उभे राहून बुवांचे पाय भरून आले. लेक येईना, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अहो, मी अजून घरीच आहे! पंचमी उद्या ना? तुम्हीच लिहिलंय."

बुवांनी डोळे मिटले. इथे पंचमी आज सूर्योदयानंतर लागली होती, दुपारी ऑपरेशनच्या वेळी तीच असणार होती, आणि उद्याच्या सूर्योदयाआधीच संपणार होती. ती क्षयतिथी होती, कोणत्याच दिवसाला तिचे नाव नव्हते. लेकीकडे मात्र उद्याचा सूर्य लवकर उगवणार होता, पंचमी सरण्याआधी. दोन्ही गणिते त्यांच्याच हातची होती. दोन्ही अचूक होती.

"उद्यावर ढकलता येईल का?" त्यांनी डॉक्टरांना विचारले.

"श्वास कोंडतोय त्यांचा. आता थांबणं नाही."

पत्नीने फोन ओठांशी धरला आणि जीव एकवटून अंगाई आरंभली.

"आई, नुसती घरघर ऐकू येतेय गं! पुन्हा म्हण ना!"

तिने पुन्हा म्हटली. पलीकडून रडणे ऐकू येऊ लागले, तशी तिने फोन बुवांच्या हाती दिला आणि आपणच स्ट्रेचरवर आडवी झाली.

शुक्रवारी सकाळी लेक आली. गळ्याला पट्टी बांधलेल्या आईच्या ओठांशी तिने कान नेला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आईचा हात लेकीच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिला.

"ठेका कळतोय, बाबा. चाल कशी होती?"

सगळा जन्म त्यांनी ती अंगाई भिंतीपलीकडून, आकडेमोड करता करता ऐकली होती. बुवांनी तोंड उघडले. त्यांना एकही सूर आठवेना.