तळहातावरचं वजन

शिक्का मारणारे साहेब, तुम्ही झाकण उघडलं नव्हतं.

खोक्यावर तुमचा ‘तपासून पास’ असा शिक्का आहे, गोल, ठसठशीत. आतल्या डब्याच्या स्क्रूवर कंपनीचं सील आहे: हे फाडलं तर वॉरंटी गेली. म्हणजे आत काय भरलंय ते तुम्ही बघितलं नाही आणि आम्ही बघायचं नाही. झाकली मूठ म्हणतात ती हीच. तिच्यापायी माझ्या नवऱ्याचा हात खोटा ठरला, तेव्हा आता ऐकून घ्या.

आमचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. जोडतो तो, काउंटर सांभाळते मी. बाजारात त्याला तराजू म्हणतात, ते त्याच्या पॉवर सप्लाय निवडण्याच्या रीतीमुळे. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनमधल्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या पचनाप्रमाणे वाढणारा लोखंडी डबा. माझा नवरा त्याच्यावर छापलेलं काही वाचत नाही. डबा तळहातावर घेतो, हलकेच वर-खाली करतो आणि एकतर "चालेल" म्हणतो, नाहीतर मागे सारतो. चांगल्या डब्यात तांबं जास्त, गार ठेवणाऱ्या पट्ट्या जाड, म्हणून चांगला डबा जड. आजूबाजूचे दुकानदारही डबे घेऊन यायचे, "तराजू, जरा हात लाव." पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा चहाचा कपसुद्धा त्याने असाच वर-खाली केला होता. मला वाटलं, चहात काही पडलंय.

त्या दिवशी दुपारी माझ्या मोठ्या जाऊबाई दुकानात आल्या, कॉम्प्युटर कडेवर घेऊन.

"भावजी, तुमचं लेकरू परत झोपलं."

"कुठे झोपलं, वहिनी?"

"स्वयंपाकघरात. हॉल झाला, जिना झाला, स्वयंपाकघरात शिरलं की गप्प."

जाऊबाई न बांधलेल्या घरांची फिरती चित्रं करतात. विटा येण्याआधी घेणाऱ्याला घरातून फिरवून आणायचं, ते काम. आधी एका बिल्डरच्या ऑफिसात करायच्या. तिथल्या साहेबाने यांच्या चित्रांवर स्वतःचं नाव टाकलं, तेव्हा याच त्याला सर्वांसमोर चोर म्हणाल्या आणि घरी आल्या. आता एका आर्किटेक्टबाईंनी त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावावर पहिलं मोठं काम दिलं होतं. ते वेळेत गेलं नसतं तर पुढचं मिळालं नसतं आणि त्यांना पुन्हा त्याच ऑफिसात, त्याच साहेबाच्या हाताखाली जावं लागलं असतं. नवीन मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून नवऱ्याने जुनंच ओव्हरक्लॉक करून दिलं होतं, म्हणजे प्रोसेसरला ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. पळणाऱ्याला खायला जास्त लागतं. म्हणून सप्लायही त्यानेच निवडला, शेल्फवरचा सगळ्यात जड.

"वेग कमी करून बघतो," तो म्हणाला.

वेग कमी केला. मशीन गुणी बाळासारखं चाललं, स्वयंपाकघर ओलांडून गच्चीवर गेलं.

"पण या चालीने काम वेळेत व्हायचं नाही भावजी. गोगलगायीला घराबाहेर काढायला बसल्यासारखं होतंय."

मग त्याने रॅम बदलली, बोर्ड पुसला, पंखे तपासले आणि प्रत्येक वेळी वेग वाढवला. काचेची कपाटं, चकचकीत ओटा आला की मशीनला भार झेपेना, पडदा काळा.

"सप्लाय बदल," मी म्हणाले.

"तो मी निवडलाय."

"म्हणूनच म्हणतेय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण वेग कमी केला की चालतं, वाढवला की मरतं. उपाशी माणूस बसला की बरा असतो, पळायला लागला की पडतो. एवढं कळायला सप्लाय हातात घ्यावा लागत नाही."

जाऊबाई खुर्चीत बसून छताकडे बघत होत्या. नवरा-बायकोत पडायचं नाही, पण एक शब्दही सोडायचा नाही, असं त्यांचं बसणं असतं.

मी सप्लाय बाहेर काढला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सीलमध्ये खुपसला. तो धावत आला. मला वाटलं वॉरंटीसाठी.

"सोड तो. आत वीज साठलेली असते, वायर काढली तरी. थोडा वेळ पडू दे, मी उघडतो."

थांबलो. मग त्याने झाकण काढलं.

एका कोपऱ्यात छोटासा बोर्ड, त्यावर शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक तारा. आणि तळाशी, कशालाही न जोडलेला, नुसता गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा ठोकळा.

तो कोणासाठी होता, साहेब? वीज लोखंडाला भीत नाही. तो माझ्या नवऱ्याच्या हातासाठी होता. बाजारात लोक डबा हातावर तोलून घेतात, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने ठोकळा उचकटला आणि एका तळहातावर घेतला, दुसऱ्यावर रिकामा डबा. डबा वर गेला, ठोकळा खाली राहिला.  

"भावजी," जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या घरचं दार वाऱ्याने आपटतं. ठोकळा देऊन टाका."

तो हसला. उशिराने, पण हसला.

मग त्याने शेल्फ रिकामं केलं. एकेक सप्लाय मशीनला जोडायचा, वेग पुरता वाढवायचा, जाऊबाईंचं स्वयंपाकघर सुरू करायचं आणि मीटरच्या सुया बारा व्होल्टच्या वायरला लावून बसायचं. भार आला की आकडा बाराशी टिकतो की खाली घसरतो, एवढंच बघायचं. मोठमोठे वॉट छापलेले घसरले. एक तर असा वास सोडून गेला की शेजारचा शिंपी विचारायला आला, "काय जाळलंत?"

"अब्रू," मी म्हणाले.

शेवटी राहिला एक साधा, राखाडी. छापलेला आकडा बेताचा, तरी मशीनच्या भुकेपेक्षा चार घास जास्तच. तो किती दिवस मागे पडून होता, कारण हाताला हलका लागायचा. काचेची कपाटं आली, चकचकीत ओटा आला, मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. स्वयंपाकघर संपून चित्र गच्चीवर पोचलं, तेव्हा जाऊबाईंनी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले. "आता चहा सांग गं," त्या मला म्हणाल्या.

काम वेळेत गेलं. चित्राच्या शेवटी त्यांचं नाव आहे, मी वाचून आले. आर्किटेक्टबाईंनी दुसरं घर दिलंय.

नवऱ्याने त्या जातीचे डबे ज्यांना ज्यांना दिले होते, त्यांना फोन लावले. "माझा हात चुकला, मशीन घेऊन या," असं प्रत्येकाला म्हणाला. मी म्हटलं, तुझा हात कशाला चुकला, फसवलं तुला. तो म्हणाला, "लोकांनी माझ्या हातावर विश्वास ठेवला होता, डब्यावर नाही."  बरा माणूस मिळालाय मला.

अजूनही नवीन सप्लाय आला की त्याचा हात आपोआप पुढे होतो. डबा वर-खाली करतो, मग ओशाळं हसतो आणि मीटरकडे नेतो. बाजार त्याला अजून तराजूच म्हणतो. आमचं दुकान चाललंय, दुपारचा चहा तिघं मिळून पितो, तक्रार नाही.

तक्रार तुमच्याबद्दल आहे. ठोकळा मी जाऊबाईंना दिला नाही. तो काउंटरवर आहे, तुमचा शिक्का असलेल्या खोक्यावर ठेवलाय. येऊन हातावर घ्या, तोलून बघा आणि मग माझ्या तोंडावर सांगा, साहेब: शिक्का मारण्याआधी तुम्ही त्या डब्यांतल्या एकाचं तरी झाकण उघडलं होतं का?