अर्धे घर डावीकडे

माझा काटा शून्यावर थांबत नाही. पट्टीवरचे अर्धे घर डावीकडे जाऊन तो उभा राहतो, आणि तिथेही त्याला स्वस्थता नाही. रस्त्याने जड गाडी गेली की पुन्हा हलतो.

मी मुलींच्या शाळेतला एक जुना तराजू आहे, मित्रांनो. भाजीचा नव्हे, काचेच्या पेटीत बसून चिमूटभर पूड तोलणारा. माझी दांडी अकीक या कठीण दगडाच्या बारीक धारेवर झुलते. समोरची कळ उलटी फिरवली की दांडी वर उचलली जाते आणि धारेला विसावा मिळतो.

गावातली ती मुलींची पहिलीच शाळा. मला आणले तेव्हा लोक हसले. "पोरींना एवढा नाजूक काटा कशाला? नवऱ्याचं मन तोलणार की काय?" मुलींनी मात्र मला जपले. तोलण्याआधी वहीत आपले नाव आणि काट्याची जागा लिहायची, हा नियम. शिवाय टोपणनावे त्यांनी आपापसांत पाडलेली. आधी पारड्यावरची धूळ उडवणारी ती फुंकर. काटा थांबायच्या आत आकडा लिहून मोकळी होणारी ती घाई. कणाकणाने पूड वाढवणारी, कधी न चुकणारी ती मुंगी.

मग एकेक मुलगी येईनाशी झाली. तोलून झालेली वस्तू पुढे कुठे जाते, हे तराजूला कोणी सांगत नाही.

विजेचे काटे आले आणि मी कोपऱ्यात गेलो. एका पारड्यात कोळ्याने संसार थाटला. तो मोडला शास्त्राच्या नव्या बाईंनी. त्यांना माझ्या खणात ती वही सापडली, आणि या मुलींचे पुढे काय झाले या प्रश्नाने त्यांना पछाडले. दर रविवारी त्या कुणाचे तरी दार वाजवत. दोन घरी 'अशी इथे कोणी नव्हती' एवढेच उत्तर मिळाले. आडनाव बदलले की माणूस वहीतून निसटतो. फुंकर आयुष्यभर दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत होती. घाई सुईण झाली. तिचा नातू म्हणाला, "बाळ काट्यावर ठेवायच्या आत आजी वजन सांगायची, आणि बरोबर यायचं!"

बाई सोमवारी हे सारे शाळेच्या मावशींना सांगत. सांगता सांगता माझ्या वजनांचा खण उघडत, त्यातले एक पत्र काढत, वाचत आणि परत ठेवत. दूरच्या प्रयोगशाळेने त्यांना संशोधनाला बोलावले होते. दोनदा मुदत वाढवून झाली होती. आता ती महिनाअखेरीस संपणार होती. घरी बाईंचे थोरले भाऊ, दादा, म्हणत, "बघू पुढच्या वर्षी."

मावशी म्हणाल्या, "बाई, ते पत्र आता वजनांतच धरायचं का?"

बाई हसल्या. त्यांनी खण लावून घेतला.

एकदा वही चाळताना त्या थबकल्या. मुंगीच्या शेवटच्या नोंदीपर्यंत प्रत्येकीने 'शून्य' लिहिले होते. त्या नोंदीपाठोपाठ लागलेल्या सुट्टीनंतर प्रत्येकीने लिहिले होते, 'अर्धे घर डावीकडे'. मला कारण ठाऊक होते. पण मी बोलणार कसा?

बाईंनी मुंगीला शोधून काढले. एका दुपारी ती आली. ऐंशीची, काठी टेकत. मला पाहून काठीच विसरली. तिने कळ फिरवून दांडी सोडली, आणि काटा अर्धे घर डावीकडे गेला.

"काटा माझ्यामुळे बिघडला हो," ती म्हणाली. "तोलत होते, तेवढ्यात मोठ्या कॉलेजचं पत्र हातात पडलं. तशीच धावले घरी. कळ फिरवायची राहिली."

सुट्टीभर मी तसाच झुलत होतो, मित्रांनो. प्रत्येक हादऱ्याला धार घासत होती. शेवटी तिचा टवका उडाला.

"मग कॉलेजला गेला नाहीत?" बाईंनी विचारले.

"वडील म्हणाले, विचार करून सांगू. वडील गेले, काका गेले. विचार चालूच आहे!" मुंगी खळखळून हसली. "नाही म्हणाले असते, तर भांडले तरी असते."

लहानपणीचे सर्वांत छोटे वजन पाहायला तिने खण उघडला. हाताला पत्र लागले. घड्यांवर झिजलेले.

"हे कुणाचं?"

"माझं."

"कधीपासून आहे इथं?"

"दुसरं वर्ष."

मुंगीने पत्र वाचले नाही. बाईंच्या हातात ठेवले आणि माझी कळ सावकाश उलटी फिरवली. दांडी उचलली गेली. "झुलत ठेवू नये," ती म्हणाली. "धार जाते."

माझेही तेवढेच मागणे आहे, मित्रांनो. मला खुशाल वापरा, वाटेल ते तोलायला द्या. पण काम झाले की कळ फिरवा. तोलल्याने मी झिजलो नाही. अधांतरी राहून झिजलो.

मुंगी गेली. बाई पत्र हातात धरून उभ्या होत्या. मावशी किल्ल्या घेऊन आल्या.

"बाई, हे टेबल पुढच्या वर्षी रंगवून घेऊ या का?"

"विचार करून..." बाईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. पत्र पिशवीत टाकले.

"याच वर्षी रंगवा, मावशी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी इथे नसेन. मी जाते आहे."