मागच्या चाकाचा नट

नटाला सहा कोपरे असतात. जीपच्या उजव्या मागच्या चाकाच्या आत, आसावर घट्ट बसलेल्या त्या नटाचे दोनच शाबूत होते. बाकीचे घासून गोल झाले होते आणि त्यांच्या कडेला छिन्नीच्या खुणा होत्या. काही खोल, काही नुसत्या ओरखड्यासारख्या, एकही दुसरीच्या जागेवर पडलेली नाही. पाना नीट बसला असता तर कोपरे असे गेले नसते. तो अर्धाच बसला आहे हे लावणाऱ्याच्या हाताला कळलं नव्हतं. नंतर त्याने छिन्नी घेतली, तीही त्याला वाटलं तिथं टेकली नव्हती.

पाना आणि छिन्नी दोन्ही अण्णांनी चालवली होती, हे मला पटेना.

अण्णा म्हणजे माझे वडील. खालापुरात त्यांचा दवाखाना होता. आधी सायकलवर, कधी कुणी पाठवलेल्या बैलगाडीतून ते आसपासच्या गावांना जात. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या तेव्हा त्यांनी ही जीप घेतली. रस्ता नसलेल्या वाडीपर्यंतही ती पोचत असे. लोक म्हणत, अण्णांच्या हाताला गुण आहे. बाटलीतलं औषध कर्जतलाही तेच मिळायचं, पण कुंभिवलीच्या बाया बाटली भरून घेतल्यावरही उठत नसत. पोटावर, कपाळावर अण्णांचा हात ठेवून झाला की मगच घरी जात. अण्णा या समजुतीला हसत, पण हात न ठेवता कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. तो हात नुसता ठेवलेला नसे. यकृत किती वाढलंय, गाठ कुठे सरकते, हे त्यांची बोटं कपड्यावरूनही सांगत.

मी मुंबईला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आई गेल्यापासून अण्णा घरी एकटेच. भाद्रपदात त्यांचं पत्र आलं, की चाकातलं बेअरिंग ओरडतंय, नवीन मिळतं का बघ. ते मिळायला मार्गशीर्ष उजाडला. तेलकट कागदात गुंडाळलेलं बेअरिंग घेऊन मी घरी आले तेव्हा जीप दवाखान्याच्या मागे उभी होती आणि तिच्या बोनेटवर शेजारणीने वाल वाळत घातले होते. तेवढ्या दिवसांत अण्णा गावोगावचं बोलावणं आलं की एकच उत्तर देत होते, जीप होऊ दे, मग येतो.

हिरामण लोहाराला त्यांनी बोलावलं नव्हतं. मी जाऊन त्याला घेऊन आले.

हिरामणने चाकावरचं झाकण काढलं, आतला दांडा ओढून बाजूला ठेवला आणि उकिडवा बसून नटाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हिनं म्हनं लढाई जिंकली. अन् हितं एका नटापायी बसली, रुसल्या नवरीवानी.” अण्णा हसले. छिन्नी कुणी मारली असं त्याने विचारलं नाही. नट सुटू नये म्हणून वाकवलेली त्याच्याखालच्या पत्र्याची जीभ त्याने आधी सरळ केली, रॉकेल सोडलं, पाना लावून पाहिला. उरलेल्या दोन कोपऱ्यांना पाना धरेना. तेव्हा त्याने बरोबर आणलेली भट्टी पेटवून लोखंडाचा एक जाड तुकडा लाल केला आणि चिमट्याने नटावर दाबून धरला. नट तापून फुगला की त्याची पकड सुटते, म्हणून. तुकडा काळा पडला की दुसरा. ग्रीस धुरावू लागलं. मग त्याने नटाच्या कडेवर बोथट छिन्नी तिरकी ठेवून बेताचे ठोके दिले. मधूनमधून नट पुन्हा तापवला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि नंतर नट केसभर सरकला.

नट सैल झाल्यावर अण्णांना राहवलं नाही. लहान मुलासारखे ते पुढे झाले, चाकाच्या पोकळीत हात घातला आणि बोटांनीच नट फिरवू लागले. शेवटचे आटे सुटले. नट तळहातावर घेऊन ते आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर आनंद होता.

वास मला आधी आला. तो ग्रीसचा नव्हता.

“अण्णा,” हिरामण हळू म्हणाला, “त्यो तापलाय.”

अण्णांनी हाताकडे पाहिलं. हात झटकला नाही. हिरामणने चिमटा पुढे केला आणि त्यांच्या तळहातावरून नट उचलून घेतला. कातडीचा थोडा भाग नटाबरोबर गेला.

“ग्रीस होतं ना मध्ये,” अण्णा म्हणाले, “म्हणून नाही लागलं.”

या भागातल्या माणसाला असा न दुखणारा चटका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हिरामण खाली बघून चाकातलं जुनं बेअरिंग ठोकून काढू लागला.

मी अण्णांना आत नेलं. टेबलाशी बसवून जखम धुतली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवर फोड येत होते. ते माझ्या कामाकडे असे बघत होते की हात दुसऱ्याच कुणाचा असावा. करंगळी आत वळली होती, सरळ करा म्हटलं तर होत नव्हती. पट्टी बांधून झाल्यावर मी त्यांच्या कोपराच्या मागे बोट ठेवलं.

“दोरीसारखी लागते ना ती शीर?” अण्णाच म्हणाले. “मला माहीत आहे.”

केव्हापासून, असं मी विचारलं. आषाढात करंगळी गेली, ते म्हणाले, मग अंगठा. मांडीवर एक फिकट चट्टा होता, तो त्याच्याही आधीचा. टाके घालणं त्यांनी तेव्हाच सोडलं होतं. डावा हात अजून बरा होता, तरी त्याच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. दिवसातून किती वेळा हात कार्बोलिक साबणाने धुतो ते त्यांनी सांगितलं. आपला महारोग पसरणाऱ्यांतला नसावा असंही सांगितलं, आणि नसावा या शब्दावर थांबले.

कानाच्या पाळीचा नमुना घेऊन मुंबईला तपासते, असं मी म्हटलं. नवी औषधं येऊ लागली आहेत, जंतू मरतात असं आमच्याकडचे डॉक्टर सांगतात, हेही म्हटलं.

“जंतू मरतील,” अण्णा म्हणाले. “बोटं परत यायची नाहीत.”

बाहेर हिरामणचा हातोडा चालू होता. अण्णांनी सांगितलं की दर आठवड्याला ते ठरवत, आता लोकांना सांगायचं. मग वाटे, पावसाळा जाऊ दे, तापाची साथ आहे. मग वाटे, जीप होऊ दे. कर्जतपर्यंत दुसरा डॉक्टर नाही, हे कारण खरंच होतं, त्यामुळे ते रोज वापरता आलं.

“गेल्या बाजाराच्या दिवशी साजगावची एक बाई आली होती,” ते म्हणाले. “पोटात गाठ आहे का बघा म्हणाली. मी हात ठेवला. शैला, मला काही कळलं नाही. लाकडावर ठेवल्यासारखा हात. काही नाही म्हटलं, तर ती हसली, पाया पडली आणि निघून गेली.”

त्या बाईचं नाव त्यांनी सांगितलं, घरही सांगितलं, तिला परत बोलावून घे म्हणाले.

तेवढ्यात पायरीवरून हाक आली. कुंभिवलीची सोनाबाई होती, सुनेला घेऊन आली होती. सून पोटाला हात लावून वाकून उभी होती, तोंड सुकलेलं. दोन दिवस उजवीकडे दुखतंय, काल रात्रीपासून उलट्या, असं सोनाबाईने सांगितलं आणि सुनेला बाकावर निजवलंसुद्धा. मग तिला पट्टी दिसली.

“आगं बया, भाजलात का काय?”

जीपने भाजलं, अण्णा म्हणाले.

“मंग डावा ठिवा की. गुन दोन्ही हातांत हाय तुमच्या.” ती सुनेकडे वळली. “भ्यायचं नाय गं. अण्णांनी हात ठिवला का निम्मं दुखणं तितंच जातंय.”

सुनेने डोळे मिटले. वाट बघत ती स्वस्थ पडून राहिली. अण्णा खुर्चीवरून उठले, बाकापाशी गेले. सवयीने डावा हात पुढे झाला आणि तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला. मी दारात उभी होते. मागे हातोड्याचा आवाज थांबला होता.

अण्णांनी हात मागे घेतला.

“सोनाबाई, हिला आत्ता गाडी जुंपून कर्जतच्या सरकारी दवाखान्यात न्या. थांबू नका. शैला तुमच्याबरोबर येईल.” ते बाकापासून दोन पावलं मागे सरले. “मला महारोग झालाय. आजपासून मी कुणाच्याही अंगाला हात लावणार नाही.”