माझ्या नंबराचं गिऱ्हाईक

मित्रांनो, मी छत्तीस वर्षांची एक जुनी जपानी गाडी आहे. लाल, आखूड, दोन दारांची; मागचं दार झाकणासारखं वर उघडतं. अंगाने लहान असले तरी माझं इंजिन मोठ्या गाडीच्या तोडीचं आहे. पूर्वी त्याचा मला अभिमान वाटायचा. हल्ली माझं कोणी कौतुक केलं की भीतीच वाटते.

जन्म जपानातला असला तरी माझं घर कुडाळजवळचं वालावल. सत्यवान परब सिंगापूरच्या गोदीत नोकरीला होते. १९९३ साली गावी परतताना त्यांनी मला बोटीने आणलं, रीतसर कर भरला आणि एकूण एक कागद जपून ठेवला. कुडाळच्या बाजारात मला बघायला माणसं जमत. चढावर मी एसटीला मागे टाकलं की शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जानकीबाई ओरडत, "अवो, हळू चलवा! माका जिती घराक पोचूचा आसा!" सत्यवान नुसते हसत.

सात वर्षांपूर्वी ते गेले. मुलगी अनुजा शाळेत शिकवते. तिला स्कूटर पुरे. मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले. खाऱ्या हवेने दारांच्या कडा गंजल्या, उंदरांनी मागची सीट कुरतडली. जानकीबाई माझ्या बॉनेटवर कोकमाची सोलं वाळत घालीत. कसालचा शिवा मेस्त्री तेवढा महिन्यातून एकदा यायचा आणि इंजिन चालू करून जायचा.

गेल्या मे महिन्यात अनुजाने मला विकण्यासाठी माझा फोटो मोबाइलवर टाकला. तिसऱ्याच दिवशी पुण्याहून जितेंद्र नावाचा व्यापारी हजर झाला. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगभर फिरवलं. गंज झाकायला पुटी भरलेली असली तर चुंबक चिकटत नाही. माझ्या अंगाला ते सगळीकडे चिकटलं. मग त्याने बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या पत्र्यावर माझा चेसिस नंबर, म्हणजे माझी ओळखच, ठोकलेला आहे. तो त्याने कागदाशी ताडून पाहिला आणि म्हणाला, "अठरा लाख."

जानकीबाईंनी वाकून माझ्या कुरतडलेल्या सीटकडे बघितलं. "ह्या उंदरांच्या बिळाक?"

"वहिनी, अशा गाड्या आता बनत नाहीत. तरुणपणी ज्यांना परवडली नाही, ते आता हिला शोधत फिरतात. आणि असे स्वच्छ कागद तर कोणाकडेच नाहीत."

मी हरखून गेले. पण चहा ठेवायला मायलेकी आत गेल्या, तेव्हा जितेंद्रने खडूने माझ्या नंबराभोवती चौकोन काढला आणि इंजिन चालू करून दाखवायला आलेल्या शिवाला जवळ बोलावलं.

"गाडी नावावर झाली की एवढा तुकडा नीट कापून दे. इंजिन उतरव. बाकीचं भंगारात."

"तुकडो कित्याक?"

"माझ्याकडे हीच गाडी आहे. चोरट्या वाटेने देशात आलेली, कागद नसलेली. तिला हा तुकडा जोडला की झालं. तुझेही पैसे देईन."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! माझं नाव लावून दुसरीच गाडी मिरवणार होती आणि माझे तुकडे होणार होते. मला हाक मारता येत नव्हती. सही शुक्रवारी ठरली. मधल्या तीन दिवसांत शिवा रोज आला, बॉनेट उघडून त्या चौकोनाकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला. हा आज कापणार, असं मला दर वेळी वाटे.

शुक्रवारी सकाळी जितेंद्रने अंगणात फॉर्म पसरले. जानकीबाईंनी चष्मा लावला. त्यांची एक सही झाली. दुसऱ्या कागदाकडे हात गेला, तोच शिवाची मोटारसायकल आत शिरली.

"वयनी, थांबा! ही गाडी जावची नाय. हिचो फक्त नंबर जातलो."

त्याने सगळं सांगितलं. अनुजाने धावत येऊन बॉनेट उचललं. खडूचा चौकोन तिथेच होता. ती आईकडे वळली. "खरा आसा गे, आये. पण अठरा लाख..."

जितेंद्र शांतपणे म्हणाला, "वहिनी, इथल्या हवेत ही अशीही गंजून जाणार आहे."

"गंजांदे," जानकीबाई म्हणाल्या. "ह्या कागदार माज्या घोवाचा नाव आसा. त्या नावान तुमी खोटी गाडी इकतालात? माका नको तुमचे पैसे." सही केलेला कागद त्यांनी टराटरा फाडला.

जितेंद्र उठला. जाता जाता शेडकडे बघून म्हणाला, "घर कधीतरी बंद असतंच ना?"

तेव्हापासून शेडला कुलूप आहे. दर रविवारी अनुजा मला कसालपर्यंत चालवते. शेजारी जानकीबाई दाराची कडी घट्ट धरून बसतात. शिवाने गंज खरवडून रंग दिला, तोही उधारीवर. तरी कुणी अनोळखी माणूस माझ्या बॉनेटपाशी वाकला की माझा थरकाप होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूची किंमत जरूर विचारा, त्यात वाईट काही नाही. पण विकण्याआधी घेणाऱ्याला एवढं विचारा, की तू हिचं काय करणार? हा प्रश्न आमच्या वतीने तुम्हालाच विचारावा लागेल. आम्हाला तोंड नाही.